परदेशातील प्रदर्शनानंतरच्या पाठपुराव्यालाही अनुदान हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये अनेक भारतीय वस्तूंवरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेल्यापासून निर्यातदारांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो आहे, की एका देशावर विसंबून राहू नका, नव्या बाजारपेठा शोधा. सल्ला योग्य आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये २५,०६० कोटी रुपयांच्या निर्यात प्रोत्साहन अभियानाला मंजुरी दिली आणि त्यातील ‘निर्यात दिशा’ या भागात परदेशी प्रदर्शनांतील सहभागाला मदत करण्याची तरतूद ठेवली, हेही स्वागतार्ह आहे. परंतु परदेशात व्यवसाय उभा राहतो तो प्रदर्शनाच्या चार-पाच दिवसांत झालेल्या ओळखी पुढची दोन-तीन वर्षे जपल्या, वाढवल्या आणि कसोटीला उतरवल्या तरच, आणि नेमक्या याच कामाकडे सरकार, औद्योगिक संघटना आणि आम्ही उद्योजक अशा तिघांचेही पुरेसे लक्ष नाही. या विषयाची चर्चा व्हावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्री चालवतो आणि आमच्या मालाचा काही भाग जर्मनीला जातो, म्हणून उदाहरण जर्मनीचेच घेतो. ऑइल इंजिनांच्या काळापासून कोल्हापूरला ओतकामाची परंपरा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील शेकडो फौंड्र्या आज ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह आणि यंत्रांसाठी ग्रे आयर्न व एस. जी. आयर्न या ओतीव लोखंडाच्या प्रकारांची कास्टिंग्ज, म्हणजे साच्यात ओतून घडवलेले सुटे भाग, बनवतात. जर्मनी हा यंत्रनिर्मात्यांचा देश आहे. तिथल्या यंत्रनिर्मात्यांच्या व्हीडीएमए या १८९२ साली स्थापन झालेल्या संघटनेचे साडेतीन हजारांहून अधिक सभासद आहेत आणि त्यांतील बहुसंख्य कंपन्या मध्यम आकाराच्या, घराण्याच्या मालकीच्या आहेत. त्या बर्लिनमध्ये किंवा म्युनिकमध्ये असतातच असे नाही. श्वाबियातल्या किंवा झाउअरलांडमधल्या वीस-तीस हजार वस्तीच्या गावात दोनशे कामगारांचा कारखाना असतो, तो पंप किंवा गिअरबॉक्स बनवून जगभर विकतो आणि त्याला दरवर्षी काही टन कास्टिंग लागते. असा खरेदीदार निविदा काढत नाही, वर्तमानपत्रात जाहिरातही देत नाही. आधीचा पुरवठादार बंद पडला किंवा महाग झाला, की तो ओळखीत विचारतो. त्या ओळखीच्या वर्तुळात आपले नाव असेल तर ड्रॉइंग आपल्याकडे येते, नसेल तर अशी संधी येऊन गेली हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

मोठ्या उद्योगांनी यावर आपल्या परीने मार्ग काढला. भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी विकत घेतली, तेव्हा यंत्रांबरोबर त्या कंपनीचे ग्राहकही पुण्याच्या कंपनीशी जोडले गेले. पन्नास-साठ कामगारांच्या फौंड्रीला तो मार्ग नाही. तिला प्रत्येक ओळख स्वतः मिळवावी लागते.

ओळख मिळवण्याच्या जागा जर्मनीत ठरलेल्या आहेत. डसेलडॉर्फला दर चार वर्षांनी भरणारे गिफा हे फौंड्री उद्योगाचे सर्वांत मोठे प्रदर्शन आहे, त्याच्या जोडीला तयार कास्टिंगसाठी न्यूकास्ट भरते. श्टुटगार्टला २०१८ पासून कास्टफोर्ज हे कास्टिंग आणि फोर्जिंगच्या खरेदीदारांसाठीचे प्रदर्शन सुरू झाले आहे. ते तुलनेने लहान आहे, पण माझ्या मते आपल्या लघुउद्योगांना हॅनोव्हरच्या अवाढव्य मेळ्यापेक्षा तेच अधिक उपयोगी आहे, कारण तिथे येणाऱ्या माणसाला कास्टिंगच हवे असते. हॅनोव्हर मेसेमध्ये भारत २००६ आणि २०१५ साली भागीदार देश होता. २०१५ च्या प्रदर्शनाचे उद्घाटन आपल्या पंतप्रधानांनी जर्मनीच्या चॅन्सेलरांसह केले होते. त्या भव्यतेचे महत्त्व मी नाकारत नाही, पण लघुउद्योजकाचे काम तिथे सहा फुटांच्या टेबलावर होते आणि ते कसे होते हे वाचकांसमोर ठेवणे मला गरजेचे वाटते.

खरेदी विभागातला अभियंता ठरलेल्या वेळेला येतो. वेळ अनेकदा तीन-चार आठवडे आधी ई-मेलवर ठरलेली असते आणि ती जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांची असते. हात मिळवून झाल्यावर तो कार्ड देतो, आपले घेतो, ते वाचतो आणि टेबलावर समोर ठेवतो. मग मांडलेले कास्टिंग उचलून उलटे करतो, पार्टिंग लाइनवरून, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या सांध्याच्या रेषेवरून, बोट फिरवतो, फेटलिंग, म्हणजे जादा धातू काढून केलेली साफसफाई, कसे केले आहे ते उजेडात धरून पाहतो. त्यानंतरचे प्रश्न थेट असतात. मोल्डिंग लाइन कोणती, बॉक्सचा आकार केवढा, भट्टीची क्षमता किती, धातूतील घटक तपासणारा स्पेक्ट्रोमीटर स्वतःचा आहे का, मशिनिंग घरात होते की बाहेर, गेल्या वर्षी रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून नाकारलेला माल, किती होते. शेवटच्या प्रश्नाला ‘शून्य’ असे उत्तर देणारा माणूस त्याच्या यादीतून तिथेच खाली जातो. खरा आकडा आणि तो कमी करण्यासाठी काय केले हे सांगणाऱ्याचे बोलणे तो लिहून घेतो. भावाची चर्चा या भेटीत क्वचितच होते. आपला माणूस भावापासून सुरुवात करतो, तेव्हा समोरच्याला आपण घाईत आहोत असे वाटते.

भेट संपते आणि खरे काम त्या संध्याकाळी सुरू होते. अनुभवी निर्यातदार हॉटेलवर परतल्यावर प्रत्येक कार्डाच्या मागे लिहून ठेवतो, की याला कोणते कास्टिंग हवे, वजन किती, धातूची प्रत कोणती, वर्षाला नग किती, सध्याचा पुरवठादार कोणत्या देशातला आणि बोलण्यात आणखी काय आले. दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रदर्शन चालू असतानाच, त्याला दोन ओळींचा आभाराचा मेल जातो. इतकी साधी गोष्ट, पण ती करणारे थोडे. बहुतेक कार्डे रबर बँड लावून बॅगेत भरली जातात, आपल्याकडे परतल्यावर डिस्पॅचची धावपळ, वीज, कामगार, बँक यांत महिना जातो आणि मग ‘आपली भेट झाली होती’ असा एकसारखा मेल सगळ्यांना एकदम पाठवला जातो. तोपर्यंत पोलंडच्या, तुर्कस्तानच्या किंवा चीनच्या फौंड्रीने भाव पाठवलेला असतो.

पुढचा प्रवास लांबचा आहे आणि तो उद्योजकांना आधीच नीट समजावून सांगितला पाहिजे. ड्रॉइंग येते, त्यावर तांत्रिक शंका विचारायच्या असतात. शंका विचारल्याने आपले अज्ञान उघडे पडते अशी भीती इथे अनेकांना वाटते, प्रत्यक्षात नेमकी शंका विचारणारा पुरवठादार त्यांना अधिक भरवशाचा वाटतो. मग भाव, पॅटर्नचा (साचा तयार करण्यासाठीच्या नमुन्याचा) खर्च, सॅम्पल, सॅम्पलचा तपासणी अहवाल, कारखान्याचे ऑडिट आणि त्यानंतर पहिली छोटी ऑर्डर. पहिल्या भेटीपासून पहिल्या नियमित ऑर्डरपर्यंत दीड-दोन वर्षे जाणे हे नेहमीचे आहे. या काळात ऑर्डर नसताना संबंध टिकवायचा असतो. ऑगस्टमध्ये तिथे सुट्ट्या असतात आणि नाताळच्या आधीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कार्यालये बंद असतात, हे लक्षात न घेता रोज मेल टाकणे जसे चुकीचे, तसेच सहा महिने काहीच न कळवणेही चुकीचे. शुक्रवारी भाव पाठवतो असे लिहिले आणि जमणार नाही असे दिसले, तर गुरुवारी तसे कळवावे. उशीर ते समजून घेतात, मौन मात्र त्यांना समजत नाही. परदेशी व्यवहारांत आपली किंमत कमी होण्याचे मला दिसलेले सर्वांत मोठे कारण मालाचा दर्जा हे नाही. वाईट बातमी कळवण्यातली टाळाटाळ हे ते कारण आहे.

लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजे सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि न्हावा शेवाहून हँबर्ग किंवा रॉटरडॅमला जाणाऱ्या कंटेनरला दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले, तेव्हा याचा प्रत्यय आला. ज्या पुरवठादारांचा खरेदीदाराशी फोनवर बोलण्याइतका राबता होता, त्यांनी जहाज सुटण्याआधीच नवी तारीख कळवली, काही माल विमानाने पाठवण्याचा खर्च वाटून घेण्याबद्दल बोलणे केले आणि ऑर्डर टिकवली. ज्यांचा संबंध फक्त कागदोपत्री होता, त्यांच्या वाट्याला दंडाची पत्रे आली.

हा राबता निर्माण करणाऱ्या संस्था जर्मनांनी फार विचारपूर्वक उभ्या केल्या आहेत. तिथे प्रत्येक व्यावसायिक कंपनीला आपल्या भागातील उद्योग व व्यापार मंडळाचे सभासद होणे कायद्याने बंधनकारक आहे आणि देशभरात अशी ७९ मंडळे आहेत. परदेशात त्यांचीच भगिनी मंडळे काम करतात. मुंबईत मुख्यालय असलेले इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स १९५६ पासून कार्यरत आहे आणि पुण्यातही त्याचे कार्यालय आहे. नॉर्थ राइन-वेस्टफालिया या राज्याचे गुंतवणूकविषयक कार्यालय पुण्यात आहे, बव्हेरियाचे बंगळुरूमध्ये. म्हणजे त्यांची राज्येसुद्धा इथे माणूस बसवतात, तो माणूस वर्षानुवर्षे इथल्या उद्योजकांना भेटतो, त्यांच्या समारंभांना जातो, कोण कशात आहे हे जाणतो आणि त्यांच्याकडची एखादी लहान कंपनी चाकणला जागा पाहायला आली तर पहिल्या दिवशी तिला दहा योग्य माणसांपर्यंत पोहोचवतो. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग यांच्यातही राज्यपातळीवरील भागीदारी आहे, मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. या नात्यांचा उपयोग सांस्कृतिक कार्यक्रम आणि मंत्र्यांच्या दौऱ्यांपुरता न राहता कागलच्या फौंड्रीवाल्यापर्यंत पोहोचायचा असेल, तर आपल्याकडूनही तिकडे कायम बसणारा, इथल्या उद्योगांची खडान्‌खडा माहिती असणारा माणूस हवा.

एकाने तिथे राहायचे आणि बाकीच्यांनी इथे माल बनवायचा, ही रीत भारतीय व्यापाऱ्यांना नवी नाही. हैदराबाद सिंधचे सिंधी व्यापारी एकोणिसाव्या शतकातच जिब्राल्टरपासून कोबेपर्यंत पेढ्या उघडून बसले होते. पालनपूरच्या जैन कुटुंबांनी १९६० च्या दशकापासून अँटवर्पमध्ये घरातला एक-एक माणूस नेऊन बसवला. सुरुवातीला लहान, कमी किमतीच्या हिऱ्यांत त्यांनी काम केले, उधारीवर माल घेतला, वेळेवर पैसे दिले, तिथल्या ज्यू व्यापाऱ्यांचा विश्वास कमावला, आणि आज अँटवर्पच्या हिरे व्यापाराचा फार मोठा वाटा भारतीयांच्या हाती आहे. त्यांच्याकडे भांडवल आमच्यापेक्षा जास्त होते म्हणून हे झाले असे म्हणणे अपुरे आहे. रोज सकाळी त्याच गल्लीत तोच माणूस दिसत राहिला आणि त्याच्या मागे भावांचे, मेहुण्यांचे, गावकऱ्यांचे जाळे उभे होते, ही त्यातली मुख्य गोष्ट. महाराष्ट्रातील उद्योजक कुशल आहे, शब्दाला पक्का आहे, पण परदेशात तो बहुधा एकटा जातो आणि परत येतो.

एका फौंड्रीला जर्मनीत माणूस ठेवणे परवडणार नाही हे उघड आहे. शेंगेन व्हिसावर व्यवसायासाठी गेलेल्याला १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही, त्यामुळे मालकानेच ये-जा करून भागवणेही अवघड आहे. परंतु सात-आठ फौंड्र्या, ज्यांचा माल एकमेकांशी स्पर्धा करत नाही, त्यांनी मिळून तिथला एखादा निवृत्त खरेदी अभियंता सल्लागार म्हणून नेमणे शक्य आहे. एकाकडे पाच किलोपर्यंतची कास्टिंग्ज, दुसऱ्याकडे दोनशे किलोची, तिसऱ्याकडे मशिनिंग, चौथ्याकडे पॅटर्न, असा गट खरेदीदारालाही सोयीचा वाटतो, कारण त्याला एका फोनवर चार प्रश्नांची उत्तरे मिळतात. पुढे हाच गट डुइसबुर्ग किंवा रॉटरडॅमजवळ गोदामात थोडी जागा भाड्याने घेऊन तिथे माल साठवू शकतो. कंटेनर उशिरा आला तरी आपली असेंब्ली थांबणार नाही, ही खात्री जर्मन खरेदीदाराला भावातल्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा मोलाची असते.

कमिशन एजंट नेमणारे अनेक आहेत आणि चांगला एजंट मिळणे ही भाग्याची गोष्ट आहे. मात्र त्याच्याशी करार करण्यापूर्वी जर्मन व्यापार कायद्यातील ८९-बी हे कलम वकिलाकडून समजून घ्यावे. एजंटाने मिळवून दिलेल्या ग्राहकांपासून आपल्याला पुढेही लाभ होत असेल, तर करार संपवताना त्याला भरपाई द्यावी लागू शकते आणि ती सरासरी एका वर्षाच्या कमिशनपर्यंत असू शकते. ही तरतूद अन्याय्य नाही, त्या माणसाने ओळखी जमवलेल्या असतात आणि ओळखींना तिथे कायद्यानेच किंमत दिलेली आहे. पण ती आधी माहीत असलेली बरी. त्याचप्रमाणे अनोळखी कंपनीकडून मोठ्या ऑर्डरचा मेल आला आणि ‘पुरवठादार नोंदणी शुल्क’ भरा असे सांगितले गेले, तर आधी तिथल्या व्यापारी नोंदवहीत, म्हणजे हांडेल्सरेगिस्टरमध्ये, त्या कंपनीचे नाव पाहावे. ऑगस्ट २०२२ पासून ही नोंदवही इंटरनेटवर विनाशुल्क पाहता येते. आमच्या वसाहतीतील काही जणांचे पैसे अशा बनावट चौकशांत बुडाले आहेत. तिथे एक जरी विश्वासू ओळख असती, तर एका फोनवर ते वाचले असते.

आता जर्मनीतील मराठी माणसांविषयी. श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्ट, हँबर्ग या भागांत मराठी अभियंते मोठ्या संख्येने आहेत आणि जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या आता सर्वांत मोठी आहे. गणेशोत्सव, दिवाळी, शाळा यांच्या निमित्ताने ही मंडळी एकत्र येतात आणि इथून कोणी गेले तर आपुलकीने घरी जेवायला बोलावतात. या आपुलकीचा व्यवसायासाठी उपयोग करताना भान ठेवायला हवे. एखादा मराठी मुलगा मोठ्या वाहन कंपनीच्या गुणवत्ता विभागात आहे म्हणून त्याच्याकडे तिथल्या पुरवठादारांचे भाव किंवा ड्रॉइंग मागणे ही त्याची नोकरी धोक्यात घालण्यासारखी गोष्ट आहे आणि असे विचारणारे लोक आहेत, हे मला खेदाने सांगावे लागते. त्याला विचारावे ते इतकेच, की कंपनीत नवा पुरवठादार कोणत्या मार्गाने नोंदवला जातो, कोणत्या विभागाला पत्र लिहावे, पत्रात काय असावे, आणि माझे लिहिलेले जर्मन एकदा वाचून देशील का. एवढ्या मदतीने पहिले दार उघडू शकते. आखेनच्या तंत्रविद्यापीठात फौंड्री संस्था आहे, फ्रायबर्गची १७६५ साली स्थापन झालेली खाण अकादमी धातुशास्त्रासाठी जगभर ओळखली जाते. अशा ठिकाणी शिकणारी आपली मुले सुट्टीत गावी येतात, तेव्हा त्यांना कारखान्यात बोलावावे, आपली अडचण दाखवावी. उद्या तीच मुले तिथे अभियंते होणार आहेत.

ओळख ही घेण्याइतकीच देण्याची गोष्ट आहे, हेही आपण पुरेसे ध्यानात घेत नाही. जर्मनीतील निवृत्त तज्ज्ञांची सीनिअर एक्स्पर्ट सर्व्हिस ही बॉन येथील संस्था १९८३ पासून असे तज्ज्ञ परदेशातील लहान उद्योगांकडे पाठवते. ते मानधन न घेता काम करतात, यजमानाने राहण्या-जेवण्याची व्यवस्था करायची असते. चाळीस वर्षे ओतकामात घालवलेला असा गृहस्थ तीन आठवडे आपल्या शॉपफ्लोअरवर उभा राहिला, तर सँड प्लँटमधले दोष तर दाखवतोच, शिवाय परत गेल्यावर आपल्याविषयी बोलतो, आणि त्याच्या शब्दाला तिथल्या वर्तुळात वजन असते. जर्मन सरकारचा परदेशी व्यवस्थापकांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रमही आहे, ज्यात भारतीय लघुउद्योजक काही आठवडे जर्मनीत राहून तिथल्या कंपन्यांना भेटी देतात. या दोन्हींची माहिती आमच्या औद्योगिक वसाहतींत फार थोड्यांना आहे.

खरेदीदार इथे येतो तेव्हा आपण फेटा बांधतो, अंबाबाईच्या दर्शनाला नेतो, तांबडा-पांढरा रस्सा वाढतो. हा पाहुणचार त्याला मनापासून आवडतो आणि तो व्हायलाच हवा. पण तो ज्या कामासाठी आला आहे, त्यासाठी अर्धा दिवस कमी पडू नये. त्याला पाळी बदलताना कारखाना पाहू द्यावा, फेटलिंगच्या शेडमध्ये कामगारांनी मास्क आणि गॉगल घातले आहेत का ते पाहू द्यावे, रिजेक्शनचा ढीग झाकू नये. जर्मनीत जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीतील मानवी हक्कांविषयीचा कायदा लागू झाला आहे. तो थेट मोठ्या कंपन्यांना लागू असला, तरी त्यांची प्रश्नावली फिरत फिरत आपल्यापर्यंत येते. कंत्राटी कामगारांचे वेतन, सुरक्षेची साधने, धूर, विजेचा वापर यांची उत्तरे ज्याच्याकडे नोंदींसह तयार आहेत, त्याची शिफारस करायला तिथला ओळखीचा माणूस धजावतो. ओळख करून देणारा स्वतःचे नाव पणाला लावत असतो, हे आपण कधी विसरू नये.

या सर्व विवेचनावरून माझ्या काही ठोस सूचना आहेत. परदेशी प्रदर्शनासाठी मिळणारे अर्थसाहाय्य आज प्रामुख्याने विमानभाडे, जागेचे भाडे आणि मालवाहतूक यांभोवती फिरते. त्यातील काही हिस्सा प्रदर्शनानंतर सहा ते बारा महिन्यांच्या आत होणाऱ्या दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावा. या भेटीत स्टॉल नसेल, उद्योजक थेट पाच-सहा खरेदीदारांच्या कारखान्यांत जाईल आणि तिथून आलेली भेटीची पत्रे हाच अनुदानाचा आधार राहील. पहिल्या भेटीपेक्षा ही दुसरी भेट ऑर्डरच्या कितीतरी जवळची असते, कारण खरेदीदाराला तेव्हा कळते की हा माणूस पुन्हा आला. दुसरे, लघुउद्योगांच्या गटाने तिथे सामाईक प्रतिनिधी किंवा गोदाम ठेवल्यास पहिल्या तीन वर्षांच्या खर्चाला टप्प्याटप्प्याने कमी होत जाणारे साहाय्य मिळावे. राज्य सरकारने आणि एमआयडीसीने बाडेन-व्युर्टेंबर्ग किंवा नॉर्थ राइन-वेस्टफालियामध्ये एक माणूस किमान पाच वर्षांसाठी नेमावा. तो दर दोन वर्षांनी बदलला, तर त्याने जमवलेल्या ओळखी त्याच्याबरोबरच जातील. त्याचे काम मंत्र्यांच्या दौऱ्यांची व्यवस्था पाहण्याचे नसावे, ते महाराष्ट्रातील दहा-बारा औद्योगिक समूहांची नावे-गावे घेऊन तिथल्या उद्योग मंडळांच्या दारी जाण्याचे असावे.

औद्योगिक संघटनांकडूनही माझी अपेक्षा आहे. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, स्मॅक, गोशिमा या संस्थांनी आजवर वीज, रस्ते, जागा या प्रश्नांवर उद्योजकांची बाजू खंबीरपणे मांडली आहे. प्रदर्शनाहून परतलेल्या सभासदांची तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी बैठक घेऊन कोणाकडे कोणती चौकशी आली, कोणाला ती जमत नाही आणि ती दुसऱ्या कोणाकडे देता येईल, याची देवाणघेवाण त्यांनी सुरू करावी. आपल्याला न जमणारी चौकशी दाबून ठेवण्याची सवय आपल्यात आहे. ती शेजारच्या फौंड्रीकडे पाठवली आणि खरेदीदाराला तसे कळवले, तर खरेदीदाराच्या लेखी आपली पत वाढते आणि काम कोल्हापुरातच राहते. प्रत्येक संघटनेने आपल्या सभासदांच्या दोन-चार तरुण अभियंत्यांना जर्मन भाषेच्या बी-१, म्हणजे मध्यम, पातळीपर्यंत शिकवण्याचा खर्च उचलावा. मालकांच्या मुला-मुलींनीच शिकावे असे नाही. गुणवत्ता विभागातील एखादी मुलगी फोनवर चार वाक्ये जर्मनमध्ये बोलली, की समोरच्या कामगार-पर्यवेक्षकाचा सूर बदलतो. तिथे खरेदी विभागाला इंग्रजी येते, पण कास्टिंग नाकारायचे की वापरायचे हे ठरवणारा शॉपफ्लोअरवरचा माणूस बहुधा जर्मनच बोलतो.

पुढचे गिफा २०२७ मध्ये डसेलडॉर्फला भरणार आहे. जागेचे आरक्षण, अनुदानाचे अर्ज, माहितीपत्रके यांची तयारी नेहमीप्रमाणे होईलच. त्याआधी जिल्हा उद्योग केंद्र आणि संघटनांनी मिळून मागील प्रदर्शनांना गेलेल्या उद्योजकांकडे पडून असलेल्या ओळखींची यादी करावी, त्यांतील कोण अजून त्याच कंपनीत आहे ते तपासावे, त्यांना या वर्षीच पत्रे पाठवावीत, आणि इथून जाणाऱ्या प्रत्येकाकडे निघण्यापूर्वी किमान काही भेटींच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, ही अट अनुदानासाठी घालावी, अशी माझी संबंधितांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक फौंड्री व्यावसायिक,
जि. कोल्हापूर